दह्याला थांबता, कल्चरला का नाही?

परवा रात्री साडेनऊला चुलत नणंदेचा फोन. "वहिनी, तुमच्या लॅबवाल्यांना तीन तीन दिवस लागतात तरी कशाला? सकाळी साखर तपासायला दिली तर दुपारी रिपोर्ट हातात. या युरिन कल्चरचंच एवढं काय नाटक?"

मी विचारलं, "सॅम्पल द्यायच्या आधी काही गोळी घेतलीस का?"

पलीकडे शांतता. मग हळूच, "दोनच घेतल्या. घरात होत्या ना..."

दोनच! गेली बावीस वर्षं मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये बसते आहे आणि हे "दोनच" ऐकून माझे कान किटले आहेत. त्यामुळे आज जरा चिडूनच लिहिते आहे. नातेवाईक मंडळी, तुम्हीही इथे येऊन वाचता हे मला ठाऊक आहे. राग आला तर येऊ दे.

तर मुद्दा पहिला. साखर मोजायची असते, जंतू वाढवायचे असतात. कल्चर म्हणजे शेती म्हणा, नाहीतर सरळ दही लावणं म्हणा. रात्री कोमट दुधात विरजण घालून झाकून ठेवलं की सकाळी दही लागतं. अकरा वाजता झाकण उघडून "अजून कसं लागलं नाही" म्हणून कुणी आईशी भांडत नाही. लॅबशी मात्र भांडता.

आमच्याकडे होतं काय, ते ऐका. लघवीच्या नमुन्यातला एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग, मोजमापाच्या लूपने प्लेटवर पसरायचा. प्लेटमध्ये अगार असतं. हो, तेच, आपण ज्याला चायना ग्रास म्हणतो आणि ज्याची जेली करतो. १८८१ मध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत वॉल्टर हेसे काम करत होते. तेव्हा जंतू जिलेटिनवर वाढवत, आणि ते उबेत वितळून जाई. अगार वापरून बघा, हे सुचवलं त्यांच्या बायकोनं, फॅनी हेसे यांनी, कारण त्या घरी जेलीसाठी ते वापरत असत. जगातल्या प्रत्येक लॅबमध्ये आज स्वयंपाकघरातली ही युक्ती आहे. (आणि प्लेटला नाव मात्र पेट्रींचं. असो.)

मग ती प्लेट ३५ ते ३७ अंशांवर रात्रभर ठेवायची. ई. कोलाय हा जंतू सगळं मनासारखं असेल तर साधारण वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. आठ तासांत चोवीस वेळा दुप्पट, म्हणजे कागदावर एका जंतूचे दीड कोटीच्या वर. पण तो आधी नव्या जागेत जरा रुळतो, मग वाढीला लागतो. त्यामुळे डोळ्यांना दिसेल असा ठिपका, म्हणजे कॉलनी, दिसायला १८ ते २४ तास लागतात. मॅकॉन्की प्लेटवर ई. कोलाय गुलाबी दिसतो, क्लेब्सिएला चिकट-बुळबुळीत. प्रोटियस ब्लड अगारवर लाटांसारखा पसरत जातो. प्लेटवर शंभर कॉलनी आल्या तर एका मिलिलिटरला एक लाख जंतू, हा हिशोब.

हा झाला एक दिवस. आता त्यातल्या कॉलनी उचलून त्यांचं ठरावीक गढूळपणाचं पाणी करायचं, दुसऱ्या प्लेटवर सारवायचं आणि वर अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवायच्या. पुन्हा १६ ते १८ तास. ज्या चकतीभोवती जंतू वाढला नाही, तिथलं मोकळं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं. त्यावरून कळतं की कोणतं औषध चालेल आणि कोणतं नाही. यंत्रं असतील तर हा दुसरा टप्पा काही तासांनी आवरतो, पण जंतूला आधी वाढावंच लागतं. टीबीचा जंतू दुप्पट व्हायलाच पंधरा-वीस तास घेतो. त्याच्या कल्चरला आठवडे लागतात. त्याला काय दमदाटी करणार?

मुद्दा दुसरा, आणि खरा. उकळत्या दुधात विरजण घातलं तर दही लागत नाही. त्यावरून "विरजण नव्हतंच" असं कुणी म्हणत नाही. पण दोन गोळ्या पोटात ढकलून दिलेल्या नमुन्यात काही वाढलं नाही, की लगेच "बघा, काही निघालंच नाही, उगाच पैसे घालवले!" अहो, अर्धमेले जंतू प्लेटवर वाढत नाहीत, शरीरात मात्र पुन्हा उभे राहू शकतात.

हे मी शहाणपण शिकवायला सांगत नाही. मी स्वतः हेच केलं आहे.

२०१९ चा पावसाळा. अण्णांना रात्री थंडी वाजून ताप आला, लघवीला जळजळ. बाहेर धो धो पाऊस. कपाटात सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या चार गोळ्या उरलेल्या होत्या. मी, मायक्रोबायोलॉजिस्ट, रात्री अकराला माझ्या हाताने त्यातली एक त्यांना दिली. सकाळी आणखी एक, आणि मग नमुना लॅबला नेला. ४८ तासांनी रिपोर्ट: नो ग्रोथ. ताप उतरला होता. डॉक्टरांना त्या गोळ्यांबद्दल मी सांगितलं नाही, लाज वाटली म्हणून. त्यांनी रिपोर्ट बघून औषध थांबवलं.

तीन आठवड्यांनी अण्णा आयसीयूमध्ये होते. रक्ताच्या कल्चरमध्ये ई. कोलाय आला, सिप्रोला न जुमानणारा आणि इतर बऱ्याच औषधांनाही. नऊ दिवस शिरेतून इंजेक्शनं. अण्णा वाचले. माझ्या दोन गोळ्यांमुळेच हे झालं का? मला माहीत नाही आणि कधीच कळणार नाही. पहिल्या वेळी कोण होता, कशाला दबला असता, हे सांगणारा एकमेव साक्षीदार मीच मारला होता.

आता तुमचे नेहमीचे आक्षेप.

"तीन दिवस तापात पडून राहायचं का?" मुळीच नाही. नमुना द्यायला पाच मिनिटं लागतात. नमुना द्या आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध त्याच क्षणी सुरू करा. रिपोर्ट आला की गरज पडल्यास औषध बदलता येतं. माणूस अत्यवस्थ असेल तर रक्त घेऊन लगेच इंजेक्शन देतात, थांबत नाहीत. क्रम बदला एवढंच मी म्हणते.

"प्रत्येक शिंकेला कल्चर करायचं?" नाही हो. साध्या सर्दीला कल्चर लागत नाही, अँटिबायोटिकही लागत नाही. तरुण बाईला पहिल्यांदाच झालेल्या साध्या जळजळीला डॉक्टर कल्चरशिवाय औषध देतात, तेही ठीक. पण पुन्हा पुन्हा होणारा त्रास, म्हातारं माणूस, गरोदर बाई, मधुमेह, थंडीताप... इथे अंदाजावर चालत नाही.

"डॉक्टर सांगतच नाहीत." हे मात्र खरं आहे, आणि त्यांच्यावरही माझा राग आहे. तुम्ही विचारा, "कल्चर करायचं का?" विचारल्याने कुणी हाकलून देत नाही. आणि जिथे जवळपास लॅबच नाही, तिथल्या माणसाला मी काही बोलणार नाही. माझं भांडण लॅबच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांशी आहे.

"केमिस्टने दिली." १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू आहे. त्यातली औषधं विकली की दुकानदाराने डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. कायदा आहे. पण "भाऊ, मागच्या वेळची तीच द्या" म्हणणारे आपणच असतो ना? पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच बजावलं होतं की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, निर्ढावतात. आपण अजून "दोनच घेतल्या" वर आहोत.

तेव्हा आज घरी गेल्यावर औषधांचा डबा उघडा. उरलेल्या अँटिबायोटिक्स काढून टाका. माझ्या डब्यात २०१९ पासून एकही नाही.

हे लिहीत असतानाच नणंदेचा रिपोर्ट आला. नो ग्रोथ. तिची जळजळ मात्र तशीच आहे. आता तिच्या डॉक्टरांनी कशाच्या भरवशावर औषध लिहायचं, ते तुम्हीच सांगा.