पागडी गेली, ‘वरचे’ राहिले

बोरिवली वा मुलुंडला जुनी सदनिका घेऊ पाहणाऱ्या नोकरदाराने किंमत विचारली की उलट प्रश्न येत असे, ‘‘चेक किती, कॅश किती?’’ तो प्रश्न आजही पुरता थांबलेला नाही. ज्याचा प्राप्तिकर पगार हाती येण्यापूर्वीच कापला जातो, त्याच्याजवळ काळा पैसा असणार कोठून? बँक कर्ज देते ते करारातील रकमेवर. ‘वरच्या’ रकमेसाठी तो गृहिणीचे दागिने मोडतो, भविष्यनिर्वाह निधीला हात घालतो आणि आपला पांढरा पैसा स्वतःच्या हाताने काळा करतो. पुढे घर विकताना खरी किंमत दाखवावी, तर खरेदीचा आकडा कागदावर कमी असल्याने नफा फुगतो व त्यावर कर बसतो. मग तोही पुढच्या ग्राहकाला तेच विचारतो. साखळी चालू राहते ती अशी.

ही रीत मुंबईला नवी नाही. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने घरभाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. हेतू भाडेकरूच्या हिताचा होता. परंतु बाजारभाव आणि कायदेशीर भाडे यांतील अंतर पागडीने भरून काढले. पागडी घेणे गुन्हा होता आणि ती सर्रास घेतली जाई. अखेर १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने तिला मान्यता दिली. प्राप्तिकराचेही तेच झाले. करांचे अतिरेकी दर हे करचुकवेगिरीचे प्रमुख कारण असल्याचे वांच्छू समितीने १९७१ साली सांगितले, त्या सुमारास सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर गेला होता! फुलाला न दुखवता मध घेणाऱ्या भुंग्याचा दाखला देणारे शांतिपर्व ज्या देशात सांगितले गेले, तेथील ही करनीती.

आज मात्र ती सबब उरलेली नाही. १९९७मध्ये सर्वोच्च मूळ दर ३० टक्क्यांवर आला. २०१५पासून मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार वा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास बंदी आहे. २०१६च्या नोटाबंदीत ९९ टक्क्यांहून अधिक बाद नोटा बँकांत परतल्या. काळी कमाई गादीखाली फारशी राहत नाही, ती विटा-सिमेंटात आणि सोन्यात मुरते. राज्य सरकारने २०२०च्या अखेरच्या महिन्यांत मुद्रांक शुल्क दोन टक्क्यांवर आणले, तेव्हा मुंबईच्या नोंदणी कार्यालयांत रीघ लागली. सरकारने यातून बोध घ्यावा.

विक्रेत्यानेही आपला हिशेब तपासावा. राहत्या घराच्या विक्रीतील दीर्घकालीन नफा ठरलेल्या मुदतीत दुसऱ्या घरात गुंतवला, तर कायदाच करसवलत देतो. तरीही रोखीवर अडून बसणाऱ्याला केवळ याच घराचा कर वाचवायचा असतो, यावर विश्वास बसत नाही.