गटावरची गुणयादी आणि संध्याकाळचा फोन

बारावीची परीक्षा सुरू आहे, दहावीची तोंडावर आली आहे. बारामती-इंदापूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडलेल्या एसटीत पुस्तक उघडून उभी असलेली मुलं सणसर, लासुर्णे, निमगाव केतकीची असतात. काही जण बारामतीतच वसतिगृहात किंवा खोली करून राहतात. १९६२ साली तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आणि १९७२ साली विद्या प्रतिष्ठान उभं राहिलं; पोराला शिकवायचं तर बारामती, हे इंदापूरच्या कित्येक घरांत तेव्हापासून ठरून गेलं. पुढे अकॅडम्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावरची गुणयादी.

ही यादी निरखून पाहण्यासारखी आहे. रविवारी चाचणी, सोमवारी पीडीएफ. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळी नावं, विषयवार गुण. मुलाचा मोबाइल वसतिगृहात जमा असतो, म्हणून गुण आधी वडिलांना कळतात आणि त्याच मिनिटाला मामांनाही, कारण त्यांची मुलगी त्याच बॅचला. संध्याकाळी घरचा फोन येतो तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "फिजिक्सला काय झालं रे?"

त्या क्षणी मुलाच्या शरीरात काय होतं, हे आता बरंच कळलेलं आहे. मेंदूतून निघालेला निरोप मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचतो आणि रक्तात कॉर्टिसोल वाढतं. हे संप्रेरक मुळात शत्रू नव्हे. सकाळी जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते चढतं, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत खाली असतं. माणूस दिवसाला सामोरा जातो तो त्याच्याच बळावर. उतरायच्या वेळी रोज त्याला चढवलं, की झोप बिघडायला लागते. सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ साली २०८ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. नुसत्या अवघड कामाने कॉर्टिसोल फारसं वाढत नाही. चार लोक आपल्याला जोखताहेत आणि आपल्या हातात काही उरलेलं नाही, हे दोन्ही एकदम आलं की ते सर्वांत जास्त वाढतं. आमच्या गुणयादीत नेमकं हेच दोन्ही आहे.

झुरिकच्या संशोधकांनी २००० साली आणखी एक गोष्ट दाखवली. आदल्या दिवशी शब्द पाठ केलेल्या निरोगी माणसांना आठवायच्या तासभर आधी कॉर्टिसोन (शरीरात त्याचंच कॉर्टिसोल होतं) दिलं, तर आठवणारे शब्द कमी झाले. "सगळं येत होतं, पेपरात सुचलंच नाही" असं म्हणणारा मुलगा बहाणा करत असेलच असं नाही.

यावर "मग काय लाडावून ठेवायचं का?" असा प्रश्न येतोच. डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांच्या पद्धतींची जी मांडणी केली, तिच्यात याचं उत्तर आहे. नुसता हुकूम चालवणारे आणि सगळं मोकाट सोडणारे यांच्याखेरीज तिसरे पालक असतात. ते नियम करतात, पाळायला लावतात, पण कारण सांगतात आणि मुलाचंही ऐकून घेतात. शिस्त हवीच, पण ती चारचौघांत पाणउतारा करून येत नाही. जून २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात नीटच्या सराव चाचणीत गुण कमी पडले म्हणून झालेल्या मारहाणीत एका मुलीचा जीव गेला. ती बातमी वाचून हळहळलेल्या कितीतरी घरांत त्याच आठवड्यात गुणांवरून आवाज चढला असेल.

वडिलांचा धाक म्हणजे बहुतेकदा वडिलांचीच भीती असते. वाटण्या होत होत दोन-तीन एकरांवर आलेली जमीन, कालव्याच्या आवर्तनाची वाट, आणि फी भरली ती उसाच्या बिलातून. मुलाला यातून बाहेर काढायची त्यांची धडपड खरी आहे आणि तिचा आम्हाला आदर वाटतो. पण ती भीती फोनवरून मुलाकडे जाते.

फोनवरून आधारही जाऊ शकतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या २०१० च्या प्रयोगात सात ते बारा वर्षांच्या मुलींना अनोळखी माणसांपुढे भाषण आणि गणितं करायला लावली. नंतर आईचा फोनवरचा आवाज ऐकूनही त्यांचं कॉर्टिसोल लवकर उतरलं, जवळजवळ आईने जवळ घेतल्याइतकंच. दोन वर्षांनी आईशी नुसत्या लेखी संदेशांतून बोलायला लावून पाहिलं, तेव्हा तो परिणाम मिळाला नाही. मिनेसोटातल्या २०१५ च्या अभ्यासात मात्र पंधरा-सोळाच्या मुलांना आई-वडील शेजारी असण्याचा असा उपयोग झाला नाही. नऊ-दहा वर्षांच्यांना झाला. म्हणजे दहावीच्या वर्षी एकाएकी मायेने बोलायला लागून भागत नाही. बोलणं पाचवी-सहावीपासून असावं लागतं. आणि या वयात आधार पुरेसा पोचत नसेल, तर निदान घराने परीक्षकांच्या रांगेत जाऊन बसू नये.

अकॅडमीचालकांकडे आमची मागणी साधी आहे. नावानिशी यादी गटावर टाकणं या परीक्षेपासूनच थांबवा. ज्याचे गुण त्याला सांगा, आणि मग त्याच्या घरी. मोबाइल जमा करत असाल तर संध्याकाळचा फोन कॉरिडॉरमध्ये रांगेत उभं करून देऊ नका, मुलाला आडोसा द्या. आणि पालकांनो, पेपर झाल्या संध्याकाळी किती प्रश्न सुटले हे विचारू नका. म्हैस व्याली का, आजीचा गुडघा कसा आहे, चारीला पाणी आलं का, हे त्याला सांगा. पेपरचं बोलायचं असेल तर तो बोलेल.