मन लागेपर्यंत थांबायचं कशाला?

‘मूड आला की पेटी काढू,’ असं म्हणता म्हणता कित्येक घरांत पेटी कपाटावर धूळ खात राहते. उदास माणसाचं नेमकं इथेच अडतं. मन लागत नाही म्हणून आवडीचं काम सुटतं आणि ते सुटलं की मन आणखी खचतं.

हा फेरा दुसऱ्या टोकाकडून तोडता येतो, हे गोव्यात दिसलं. ‘संगाथ’ संस्थेने तिथल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या 495 रुग्णांचा अभ्यास केला; 2017 मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटींत भर मुख्यतः एका गोष्टीवर होता: सुटलेली, बरं वाटणारी कामं थोडी थोडी पुन्हा सुरू करणं. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांत नैराश्य ओसरलेल्यांचं प्रमाण 64 टक्के होतं, ते न मिळालेल्या रुग्णांमध्ये 39.

असं काम मनाला कसं सावरतं, हे कुणाला अबोलीचा गजरा करताना पाहिलं की कळतं. दोन बोटांत नाजूक देठं, केळीच्या सोपाचा दोरा, एक वेढा, एक गाठ. लक्ष चुकलं की फूल निसटतं, त्यामुळे डोक्यातली तीच ती चिंता तेवढा वेळ मागे पडते. तासभर मोबाइल चाळून हे होत नाही.

आजार तीव्र असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. पण महाराष्ट्रातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असा एक समुपदेशक का नसावा? ‘आधी काय आवडायचं तुम्हाला?’ एवढं आस्थेने विचारणारं माणूस तिथे बसलेलं हवं.