मराठवाड्यातले मूल आणि शिक्षणशास्त्राचा प्रबंध

मूल कसे वाढते आणि कसे शिकते, हा शैक्षणिक मानसशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्यांचा मूळ प्रश्न. छत्रपती संभाजीनगरचे मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले आणि १९९४ पासून ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने ओळखले जाते. त्याच्या कार्यक्षेत्रातल्या बीड, जालना, धाराशिव या जिल्ह्यांत या प्रश्नाची सामग्री शाळाशाळांत बसलेली आहे. घरी गोरमाटी किंवा दखनी बोलणारी मुले तिथे आहेत, तशीच आईबापांबरोबर ऊसतोडीला जाऊन उन्हाळ्यात परतणारीही. तरीही प्रबंध त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचतो. त्याची जी कारणे सांगितली जातात, ती टिकत नाहीत.

पहिला पूर्वपक्ष असा की बालविकासाचे नियम सार्वत्रिक आहेत. पियाजे आणि व्हायगॉट्स्की यांनी ते मांडले, इथल्या संशोधकाने ते फक्त लावून पाहावेत. पण पियाजेचे शैशवाविषयीचे विवेचन मुख्यतः त्याच्या स्वतःच्या तीन अपत्यांच्या निरीक्षणावर उभे आहे. ते निरीक्षण थोर आहे, म्हणूनच ते दुसऱ्या घरांत तपासून पाहणे हे संशोधनच ठरते. बिनेची बुद्धिमापन कसोटीही इथे जशीच्या तशी चालली नाही. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला ती मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बसवली आणि १९४० मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. इथल्या मुलाला इथल्या भाषेत विचारण्याची वाट तेव्हाच पडली होती.

दुसरा पूर्वपक्ष अधिक प्रबळ आहे. चारदोन मुलांच्या अभ्यासाला शास्त्र कसे म्हणावे? शेकडोंचा नमुना, प्रमाणित प्रश्नावली आणि टी-मूल्य हवेच, असे तो मानतो. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातला १९८५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याला पुरेसे उत्तर देतो. त्यात रस्त्यावर माल विकणारी अवघी पाच मुले होती. विक्री करताना त्यांची सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तशीच गणिते शाळेच्या पद्धतीने नुसत्या आकड्यांत दिल्यावर हे प्रमाण ३७ टक्क्यांवर आले. त्या मुलांना फक्त लेखी कसोटी दिली असती, तर गणितात कच्ची असा शिक्का बसला असता आणि नमुना पाचशेचा केला तरी चूक तीच राहिली असती. एखादी गोष्ट किती मुलांत आढळते, हे मोठा नमुनाच सांगेल, यात वाद नाही. पण ती गोष्ट काय आहे, हे आधी कोणीतरी मुलाजवळ बसून पाहिलेले असावे लागते.

उरला वेळेचा आक्षेप. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ची किमान मुदत तीन वर्षे आणि सर्वसाधारण कमाल मुदत सहा वर्षे आहे. प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापून आणण्याची सक्तीही आता नाही. कोर्सवर्कचे महिने वजा केले तरी या मुदतीत ऊसतोडीचे दोन-तीन हंगाम सहज बसतात.

तेव्हा करण्याजोगे काम स्पष्ट आहे. दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर गेलेले मूल काय येत असताना गेले आणि परतल्यावर त्यातले काय उरले? हंगामी वसतिगृहात मागे राहिलेल्या भावंडाचे काय झाले? फडावर वाढ्याच्या मोळ्यांचा हिशेब ऐकत असलेल्या मुलाला त्यातले कोणते गणित येऊ लागते, आणि वर्गात ते कोणी ओळखते का? हे एकाच मुलाला पुन्हा पुन्हा भेटूनच कळेल.

असे काम करू शकणारी माणसेही इथे आहेत. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करणाऱ्या शिक्षकाकडे, पदोन्नतीसाठी पदवी घेणारा, म्हणून तुच्छतेने पाहिले जाते. हा अन्याय आहे. तांड्यावर वाढलेला, गोरमाटी जाणणारा जिल्हा परिषदेचा शिक्षक मुलाचे चुकलेले उत्तर भाषेमुळे चुकले की समजेमुळे, हे ओळखू शकतो. बाहेरून आलेल्या संशोधकाला त्यासाठी दुभाषा लागतो. फक्त स्वतःच्याच वर्गातली मुले अभ्यासताना पालकांची संमती आणि दुसऱ्या निरीक्षकाची पडताळणी त्याने घेतली पाहिजे. विषयाला मान्यता देणाऱ्या समितीनेही नमुन्याचा आकडा विचारण्याआधी, मुलाला कोणत्या भाषेत विचारणार आणि त्याच मुलाला किती वेळा भेटणार, हे विचारावे.