बोगदा होईल, पण पाणी कुणाचं?

खडकवासला ते फुरसुंगी हा कालवा जमिनीखालून न्यायची योजना आहे. साधारण २८ किलोमीटरचा बोगदा. उघड्या कालव्यातून झिरपून, वाफ होऊन आणि चोरीला जाऊन जे पाणी वाया जातं ते वाचेल आणि दौंड-इंदापूरच्या शेतीला मिळेल, असं सांगितलं जातंय.

कल्पना चांगली आहे. २७ सप्टेंबर २०१८ ला याच कालव्याची भिंत फुटून दांडेकर पुलाच्या परिसरात घराघरांत पाणी शिरलं होतं. आणि कल्पना नवीनही नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकात खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर-ए-अंबरी बांधली. डोंगराकडचं भूजल भुयारात गोळा करायचं आणि नुसत्या उतारावर शहरात आणायचं. आपल्या पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत असाच भुयारी नळ आणला. वाटेत हौद, हवेसाठी उच्छ्वास. ना पंप, ना वीज.

या कामांचं कौतुक आपण हेरिटेज वॉकला जाऊन करतो. पण त्यांचा खरा गुण वेगळाच होता. उतारावरून येईल तेवढंच पाणी मिळायचं. मोटर लावून उद्याचं पाणी आजच ओढून घ्यायची सोयच नव्हती. मर्यादा डिझाइनमध्येच होती म्हणा ना!

आज ती मर्यादा कागदावर आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून साधारण २९ टीएमसी साठा. त्यातून पुणे शहर मंजूर कोट्यापेक्षा जास्त पाणी उचलतं आणि मग दौंडचं आवर्तन लांबतं. बदल्यात काय, तर मुंढव्याच्या जॅकवेलमधून प्रक्रिया केलेलं सांडपाणी बेबी कालव्यात. म्हणजे चांगलं पाणी आपल्याला आणि आपण वापरलेलं त्यांना. शिरूरचं धरण वेगळं, दुखणं तेच. चासकमानचा डावा कालवा खेडमधून शिरूरला येतो, आणि टेलला असलेल्या गावांनी वाट बघायची.

आपल्या भाषेत सांगायचं तर, पाइप सुधारला म्हणून शेवटच्या युजरला स्पीड मिळतोच असं नाही. मधल्या कुणी बँडविड्थ खाल्ली तर सगळं मुसळ केरात. बोगद्यामुळे वाचलेलं पाणी वाढत्या पुण्याने पिऊन टाकलं, तर दौंडच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने कालवा उघडा काय आणि झाकलेला काय.

म्हणून माझं मत साधं आहे. बोगदा जरूर करा. पण आधी वाचणारं पाणी दौंड-इंदापूरच्या नावावर लेखी राखून ठेवा. धरणातून किती सोडलं, शहराने किती उचललं आणि फुरसुंगीला किती पोचलं, हे आकडे रोज जाहीर करा. शहराची वाढीव गरज गळती थांबवून आणि सांडपाणी शहरातच पुन्हा वापरून भागवा. आपल्या सोसायटीच्या बागेला आणि गाड्या धुवायला धरणाचं पाणी कशाला लागतं?

हे मी खडकवासल्याचंच पाणी पिऊन लिहितोय, त्यामुळे ही अट मलाही लागू आहे. तुमची तयारी आहे का?