चौदा आण्यांचा हिशेब आणि आजचे आमदार



दर वर्षी १४ एप्रिल आला की आपल्या शाखांतून बाबासाहेबांच्या तसबिरीला हार पडतो, दोन भाषणे होतात, पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवशी ज्याची त्याची ड्युटी सुरू होते. भाषणांत 'घटनेचे शिल्पकार' हे शब्द दहा वेळा येतात. परंतु मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात एक सभासद म्हणून बसलेल्या या माणसाने शिक्षणाच्या पैशांसाठी, बाळंतिणीच्या रजेसाठी आणि संपाच्या हक्कासाठी सरकारशी कसा झगडा केला, हे कोणी सांगत नाही. हे विसरणे सोयीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तसबिरीला हार घालायला खर्च येत नाही. कौन्सिलातला हिशेब मांडला तर मात्र आजच्या आमदार-मंत्र्यांना घाम फुटेल.

म्हणून हा हिशेब आपणच मांडू.

बाबासाहेब १९२७ साली कौन्सिलात गेले ते सरकारनियुक्त सभासद म्हणून. नेमणूक सरकारची, तेव्हा मान डोलवावी अशी अपेक्षा असणार. त्यांनी पहिल्याच अंदाजपत्रकावर बोलताना सरकारला विचारले की, श्रीमंताला ठरावीक मर्यादेच्या वर मिळकत झाली तरच प्राप्तिकर, आणि शेतकऱ्याला मात्र पीक येवो न येवो, जमिनीचा तुकडा केवढाही असो, शेतसारा भरावाच लागतो, हा कुठला न्याय? तो दिवस होता २४ फेब्रुवारी १९२७.

त्यानंतर १२ मार्च १९२७ रोजी ते शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. त्यातले मुद्दे प्रत्येक गँगमनला आणि प्रत्येक पोस्टमनला पाठ असायला हवेत.

पहिला मुद्दा असा. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि दारूच्या अबकारीतून त्याच माणसाकडून दोन रुपयांच्या वर वसूल करते. निदान जेवढे दारूतून घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी. पैसा नाही, ही सरकारची सबब तेव्हाही होती. बाबासाहेबांनी सरकारच्याच वहीतले पान उघडून पैसा कुठून येतो आणि कुठे जात नाही, ते दाखवून दिले.

दुसरा मुद्दा. प्राथमिक शाळेत दाखल झालेल्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत पोहोचतात फक्त १८. बाकीची ८२ पुन्हा निरक्षर होतात. रेल्वेवाल्यांनी हे आपल्या भाषेत समजून घ्यावे. शंभर प्रवासी घेऊन गाडी सुटली आणि चौथ्या स्टेशनावर अठराच उतरले, तर आपल्याकडे चौकशी बसेल, गार्ड-ड्रायव्हरला चार्जशीट मिळेल. मुले वाटेत गळाली त्याची चौकशी कोणावर बसली?

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. कॉलेजांच्या खर्चाचा ३६ टक्के, हायस्कुलांच्या खर्चाचा ३१ टक्के आणि मिडल स्कुलांच्या खर्चाचा २६ टक्के भाग फीमधून वसूल होतो, हे आकडे देऊन त्यांनी सरकारला सुनावले की हा शिक्षणाचा व्यापार आहे. घेतल्याची किंमत चुकती करा, असा व्यवहार शिक्षण खात्याने करता कामा नये. शिक्षण प्रत्येकाच्या आवाक्यात आले पाहिजे. शिक्षणाचा व्यापार ही तक्रार आज आपण नवी म्हणून करतो. ती कौन्सिलच्या कामकाजात १९२७ साली नोंदली गेली आहे.

आता द्वारकेकडे या. नोकरीसाठी महाराष्ट्र सोडून आलेली आपली कितीतरी कुटुंबे दिल्लीच्या या उपनगरात राहतात. सेक्टरा-सेक्टरांत खाजगी शाळांच्या इमारती उभ्या आहेत. दिल्लीत अशा अनेक शाळांना दिल्ली विकास प्राधिकरणाने, म्हणजे सरकारने, सवलतीच्या दरात जमीन दिली. ज्यांच्या करारात तशी अट आहे त्या शाळांनी परवानगीशिवाय फी वाढवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली बजावले. तरी काय झाले? द्वारकेतल्याच एका नामांकित शाळेने वाढीव फी भरली नाही म्हणून मुलांना वर्गात न बसवता ग्रंथालयात डांबून ठेवले, आणि एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला त्या शाळेला कडक शब्दांत फटकारावे लागले. ज्या खोलीत मुलाने हौसेने जाऊन पुस्तक उघडायचे, ती खोली शिक्षेची कोठडी झाली. व्यापार म्हणतात तो हाच.

यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली विधानसभेने फीनियंत्रणाचा कायदा मंजूर केला. चांगली गोष्ट. पण कलमे वाचा. फीविरुद्ध जिल्हा समितीकडे दाद मागायची तर किमान १५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. रात्रपाळी करून आलेला पॉइंट्समन एकटा गेला तर त्याचे कोण ऐकणार? मालक संघटित, पालक सुटा, अशी ही कुस्ती आहे. गिरणीच्या दारात आपल्या आज्यापणज्यांनी हीच कुस्ती पाहिली होती, आणि उत्तर म्हणून युनियन काढली होती.

महाराष्ट्रातही वेगळे चित्र नाही. ज्या भूमीत महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे शेतकऱ्याच्या पैशावर वरच्यांचेच शिक्षण चालते हे ठासून सांगितले, ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, तिथे सप्टेंबर २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा मोडून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलला, की जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेने गरिबांसाठीच्या २५ टक्के जागा देण्याची गरज नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. म्हणजे एका हाताने गावची शाळा बंद करायची आणि दुसऱ्या हाताने शहरातल्या शाळेचे दार लावायचे. मधल्या मधे पोर कुठे जाणार?

राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, असे कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये सांगितले. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानेही तोच आकडा पुन्हा लिहिला. अजून तो गाठलेला नाही. साठ वर्षे गाडी होम सिग्नलच्या बाहेर उभी आहे आणि स्टेशनवर मात्र 'थोड्याच वेळात येत आहे' अशी घोषणा चालू आहे.

आता काही बंधू म्हणतील, सचिवसाहेब, हे सगळे खरे, पण शिक्षण हा युनियनचा विषय आहे का? आपण पगार, पेन्शन, रोस्टर यांचे बोलावे. त्यांना माझा उलट प्रश्न आहे. १ जानेवारी २०२४ पासून आपला मुलांच्या शिक्षणाचा भत्ता महिना २,८१२ रुपये ५० पैसे झाला. मुलामागे वर्षाचे ३३,७५० रुपये, तेही दोनच मुलांपुरते. तो आपण लढून मिळवला आणि फीच्या खिडकीत नेऊन भरला. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशी गत. शाळेच्या फीवर आपला ताबा नसेल तर वेतन आयोगाकडून मिळवलेली वाढ शाळामालकाच्या गल्ल्यात जाते. आणि आपल्याच फलाटावर झाडू मारणाऱ्या कंत्राटी बाईला तर हा भत्ताही नाही. तिच्या मुलासाठी सरकारी शाळा हीच एकमेव शाळा आहे. ती बंद पडली तर तो मुलगा उद्या त्याच कंत्राटदाराकडे हजेरी लावेल.

बाबासाहेबांनी कामगाराचा प्रश्न आणि शिक्षणाचा प्रश्न असे दोन डबे कधीच केले नाहीत. २८ जुलै १९२८ रोजी ते त्याच कौन्सिलात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बोलले. आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून मोठा भार सरकारने उचलावा. पण बाईच्या श्रमाचा फायदा जो मालक घेतो त्यानेही आपला वाटा दिला पाहिजे, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. १९२९ साली मुंबईत तो कायदा झाला. आज रेल्वेतल्या आणि टपालातल्या कायम भगिनींना १८० दिवसांची रजा मिळते, तिचे मूळ अशा वादविवादांत आहे.

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. अस्पृश्य कामगार जन्मभर गँगमनच राहतो, त्याला पोर्टरचीही जागा सहसा मिळत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागते, हे रेल्वेतले उघडे गुपित त्यांनी तिथे बोलून दाखवले. त्याच वर्षी सप्टेंबरात औद्योगिक कलहाचे विधेयक आले तेव्हा त्यांनी विधानसभेत त्याला कडाडून विरोध केला, आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कम्युनिस्टांसह इतर कामगार पुढाऱ्यांच्या बरोबरीने एक दिवसाचा संप केला. तुरुंगाच्या धाकाने माणसाला कामाला जुंपणे म्हणजे गुलामगिरी, ही त्यांची भूमिका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने संपाच्या १४ दिवसांच्या नोटिशीची अट आता सर्वच उद्योगांना लावली आहे. हे वाचताना १९३८ आठवल्याशिवाय राहत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. रावबहादूर सी. के. बोले यांनी १९२३ साली याच कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. महाडच्या नगरपालिकेनेही पुढे तळे खुले केले. पण कागदावर खुले झालेले तळे प्रत्यक्षात बंदच होते. शिक्षणावरच्या त्या भाषणानंतर आठच दिवसांनी, २० मार्च १९२७ ला, हजारो माणसे चालत गेली तेव्हा चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत आले. सभागृहात बोलणारा माणूस हवाच. पण त्याचा शब्द खरा करायला पाय आपले लागतात.

म्हणून माझी सर्व शाखांना सूचना आहे. महाराष्ट्र शासनाने छापलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात ही कौन्सिलातली भाषणे आहेत. तो खंड शाखेत आणा आणि कोणा शिकलेल्या पोराकडून मराठीत समजावून घ्या. प्रत्येक शाखेत शिक्षणासाठी तीन जणांची समिती नेमा. एकाच शाळेत मुले असलेल्या सभासदांची यादी करा, म्हणजे १५ टक्क्यांचा आकडा जड जाणार नाही. कंत्राटी कामगारांच्या मुलांची नावे जवळच्या सरकारी शाळेत लागली की नाही ते पाहा. आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येक आमदाराला दोनच प्रश्न विचारा: दारूवर माणशी किती घेता आणि शिक्षणावर माणशी किती देता? शंभर मुलांपैकी किती शेवटपर्यंत पोहोचली?

उत्तर देता आले नाही तर हार परत घ्या. तसबिरीवरचा तेवढा राहू द्या.

कामगार एकजुटीचा विजय असो!

– शाखा सचिव, रेल्वे कामगार युनियन, द्वारका, दिल्ली