याला इंग्रजीत काय म्हणतात?

मराठीच्या प्राध्यापकाला लोक मराठीतले काही विचारत असतील, असा तुमचा समज असेल तर तो आधी काढून टाका. गेल्या वीस वर्षांत एखाद्या ओवीचा अर्थ विचारायला शेजारपाजारचे कोणी माझ्याकडे आल्याचे मला स्मरत नाही. विचारतात ते एकच : “सर, याला इंग्रजीत काय म्हणतात हो?” सोसायटीच्या नोटिशीत भिंतीच्या ‘ओली’ला काय म्हणावे, मुलीच्या स्थळाला पाठवायच्या माहितीत ‘मनमिळाऊ’ला काय लिहावे, साहेबांच्या निरोपसमारंभात ‘तुम्ही आम्हांला सांभाळून घेतलेत’ हे इंग्रजीतून कसे बोलावे, एक ना दोन! इंग्रजीचे प्राध्यापक आमच्याच इमारतीत दोन मजले वर राहतात. पण त्यांच्याकडे जायला मंडळी बिचकतात. आपले इंग्रजी उघडे करायचे तर मराठीच्या माणसापुढेच केलेले बरे, असा त्यामागे हिशेब असावा.

मी बहुतेकांना उलट प्रश्न करतो : “म्हणजे तुम्हांला नेमके काय म्हणायचे आहे?” आणि मंडळी वैतागतात. “अहो, मला अर्थ नकोय सर, शब्द हवाय!”

या वैतागाबद्दलच आज दोन शब्द लिहायचे आहेत. कारण नोटीस आणि निरोपसमारंभ यांच्यापुरते हे प्रकरण असते, तर हसून सोडून देता आले असते. कधी कधी त्याहून अधिक काही त्या एका शब्दावर अवलंबून असते.

आपली अशी एक भाबडी समजूत असते की प्रत्येक मराठी शब्दाचा एक इंग्रजी जुळा भाऊ कुठेतरी बसलेला आहे आणि त्याचा पत्ता तेवढा मिळाला की काम झाले. वस्तुस्थिती तशी नाही. जग हे एकच कापड, पण दोन शिंपी त्यावर निरनिराळ्या जागी कात्री चालवतात. आपल्याकडे दीर वेगळा, मेहुणा वेगळा, साडू तर त्याहून वेगळा. इंग्रजीत तिघेही ‘ब्रदर-इन-लॉ’! यावरून आपली भाषा श्रीमंत आणि त्यांची दरिद्री असे ठरवून टाकण्याची घाई मात्र करू नये. आपली ‘लाज’ घ्या. नव्या नवरीला वाटते ती लाज, चोरी पकडली गेल्यावर वाटते तीही लाज आणि चार पाहुण्यांसमोर चहा सांडल्यावर वाटते तीही लाजच. इंग्रज मात्र तिथे तीन दुकाने मांडून बसला आहे : पहिली शाय, दुसरी अशेम्ड, तिसरी एम्बॅरस्ड. दुकान चुकले की एखाद्या गुणी, लाजाळू मुलीची विनाकारण गुन्हेगार होते.

आपल्या देहाचेही तेच. आपला पाय मांडीपासून तळव्यापर्यंत सगळा पायच. इंग्रजीत घोट्याच्या वर ‘लेग’ आणि खाली ‘फूट’. आपल्या हाताला बोटे आणि पायालाही बोटेच. इंग्रजीत हाताची ती ‘फिंगर्स’ आणि पायाची ती ‘टोज’. आपल्याजवळ बारकावा नाही असे मुळीच नाही. मांडी, पोटरी, नडगी, घोटा, टाच, चवडा ही सगळी नावे आजीला तोंडपाठ आहेत. परंतु कोणी विचारल्यावाचून आपण ती सांगत नाही. “पाय दुखतो” म्हणून मोकळे होतो.

आणि हे सारे अंगाशी येते ते दवाखान्यात. आज पुण्यामुंबईच्या मोठ्या रुग्णालयांतून सगळ्या प्रांतांचे डॉक्टर असतात. आईवडील चार महिने मुलाकडे न्यू जर्सीला जातात, तिथे तर विचारायलाच नको. अशा वेळी आजारी माणूस मराठी बोलतो, डॉक्टर इंग्रजी ऐकतो आणि मध्ये दुभाषी म्हणून उभा असतो घरातला एखादा इंजिनिअर झालेला नातू.

आमच्या इमारतीत एक आजी आहेत. ऐंशीच्या आसपासच्या, पण अजून स्वतःची भाजी स्वतः निवडून आणणाऱ्या. त्यांना मध्यंतरी ‘चक्कर’ येऊ लागली. डॉक्टर परप्रांतातले, मोठे सज्जन, पण त्यांना मराठी येत नव्हते. आजी सांगत, “घर गरगर फिरतं रे बाळा.” नातू डॉक्टरांना सांगे, “शी फील्स व्हेरी वीक.” यात नातवाचा खोटेपणा नव्हता. ‘वीकनेस’ हा आपल्या घराघरांतला सर्वसमावेशक शब्द आहे. भूक नाही, वीकनेस. झोप नाही, वीकनेस. चक्कर, तोही वीकनेस! वीकनेस म्हटल्यावर डॉक्टरांनी रीतीप्रमाणे रक्त तपासले, रक्तदाब पाहिला, ताकदीच्या गोळ्या दिल्या. त्यांना दोष देता येणार नाही. जे कानावर पडले त्याचेच औषध त्यांनी दिले. दीड महिना गेला आणि आजींनी भिंतीला धरून चालायला सुरुवात केली.

एके संध्याकाळी नातू माझ्याकडे आला. “सर, भोवळ याला इंग्रजीत चांगला शब्द कोणता?” मी सवयीप्रमाणे उलट प्रश्न केला आणि त्याला उत्तर देता येईना, म्हणून आम्ही दोघे आजींकडे गेलो. आजी म्हणाल्या, “अहो, उभी असताना काही होत नाही. रात्री उजव्या कुशीवर वळले की खोली भिंगरीसारखी फिरते. डोळे मिटून पडून राहिले की अर्ध्या मिनिटात थांबते. हे मी पहिल्या दिवसापासून सांगत्ये. पण हा म्हणतो, आजी, एवढं सगळं नसतं सांगायचं!”

नातू हुशार. त्याने तिथेच कागद घेतला आणि आजींची ती वाक्ये जशीच्या तशी साध्या इंग्रजीत उतरवली. एकही अवघड शब्द नाही. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी तो कागद वाचला, आजींना बसल्या जागेवरून एकदम आडवे केले, मान एका बाजूला वळवली आणि त्यांच्या डोळ्यांकडे निरखून पाहिले. निदान तिथल्या तिथे झाले. आपल्या कानाच्या आतल्या भागात चुन्याच्या जातीचे अतिसूक्ष्म खडे असतात. ते जागा सोडून भलत्या नळीत शिरले की डोके हलताच घर फिरू लागते. यावर मुख्य औषध गोळी नव्हे. डोके ठरावीक क्रमाने वळवून ते खडे परत जागेवर न्यायचे. दोन खेपांत आजींची भिंत सुटली. हा विकार पुन्हा उलटू शकतो हे खरे, पण आता काय सांगायचे ते घरात सगळ्यांना ठाऊक झाले आहे.

या चकरेचीच गंमत पाहा. १९७२ साली ड्रॅकमन आणि हार्ट या दोघा अमेरिकन डॉक्टरांनी चक्कर येणाऱ्या रुग्णांच्या तक्रारींची चार गटांत विभागणी केली. भोवतालचे फिरते असे वाटणे, आता शुद्ध जाणार असे वाटणे, चालताना तोल जाणे आणि यांपैकी कशातच न बसणारे नुसते डोके हलके होणे. मी ते वाचले तेव्हा मनात आले, की ही यादी तर माझ्या आईच्या बोलण्यात होती! गरगरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, झोकांड्या जाणे आणि डोके हलके होणे. चारांना चार शब्द तयार. आपण त्या चारांची मोट बांधून तिच्यावर ‘चक्कर’ अशी चिठ्ठी लावली आणि पुढे तिचा ‘वीकनेस’ केला. पुढे असेही दिसून आले, की कुठल्याही देशातला रुग्ण या शब्दांची अदलाबदल करतोच. म्हणून आताचे डॉक्टर चक्कर कशी येते एवढ्यावर थांबत नाहीत. केव्हा येते, किती वेळ टिकते आणि कशाने सुरू होते, हेही विचारतात. म्हणजे शब्दाची भूक शेवटी वाक्यानेच भागते.

दुखण्याच्या शब्दांचा असाच अभ्यास कॅनडातील माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी केला. वेदना किती हे तर विचारावेच, पण ती कशी आहे हेही विचारले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. १९७५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीत वेदनेची ७८ विशेषणे २० गटांत मांडलेली आहेत. रुग्णाने आपल्याला लागू पडेल त्यावर खूण करायची. त्यात ‘थ्रॉबिंग’ आहे, तो आपला ठणका. ‘शूटिंग’ आहे, त्याचा सिनेमाशी संबंध नाही, ती आपली सणक. ‘क्रॅम्पिंग’ म्हणजे पोटातला मुरडा किंवा पोटरीचा गोळा. ‘बर्निंग’ ही आग. “इट इज पेनिंग” या एका वाक्यात आपण हे सारे बुडवतो, आणि ठणका कुठला नि सणक कुठली हे डॉक्टरांना कळण्याचा रस्ता बंद करतो.

काही ठिकाणी शब्द सुटा सापडत नाही, वाक्प्रचार शोधावा लागतो. पायाला मुंग्या आल्या हे शब्दशः सांगितले तर डॉक्टर अंथरूण झटकायला सांगेल! तिथे इंग्रजाला मुंग्या येत नाहीत, टाचण्या आणि सुया टोचतात. तो ‘पिन्स अँड नीडल्स’ म्हणतो. ‘जीव घाबरा होतो’ हे तर फारच जपून सांगावे. जीव घाबरतो तेव्हा छातीत धडधडते, श्वास कोंडतो, की नुसती भीती वाटते? इंग्रजीत या तिन्हींना तीन वेगळे शब्द आहेत आणि तिन्हींचे उपचार वेगळे. मात्र छातीवर दडपण आले असेल आणि दरदरून घाम सुटला असेल, तर शब्द शोधत बसू नये. आधी माणसाला रुग्णालयात न्यावे. तिथे हात छातीवर ठेवला तरी पुरतो.

कल्पनेकडून शब्दाकडे जाण्याची ही वाट ज्याने इंग्रजांना आखून दिली, तोही पेशाने डॉक्टरच होता, हा योगायोग मला मोठा आवडतो. पीटर मार्क रॉजे याचा जन्म १७७९ चा. १८०५ साली त्याने स्वतःच्या सोयीसाठी शब्दांची एक छोटी वर्गवारी केली. ती छापून बाहेर पडली १८५२ मध्ये, त्याच्या वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. साधा कोश शब्द घेतो आणि अर्थ देतो. याने उलटे केले. हजार कल्पना सहा मोठ्या वर्गांत लावल्या आणि प्रत्येक कल्पनेखाली तिचे शब्द मांडले. म्हणजे तुम्हांला काय म्हणायचे आहे ते आधी ठरवा, मग पुस्तक उघडा! त्याने नाव दिले ‘थिसॉरस’, म्हणजे खजिना. आपल्या ‘कोश’ या शब्दाचाही एक अर्थ खजिना हाच. अशी विषयवार रचना पूर्वी संस्कृतात अमरसिंहाने केली होती, याचा उल्लेख रॉजेने स्वतः केला आहे. १८०८ साली कोलब्रुकने श्रीरामपूरहून काढलेली अमरकोशाची इंग्रजी आवृत्ती त्याला ठाऊक होती. अमरकोशाची मांडणी त्याला फारच गोंधळाची वाटली, ही गोष्ट निराळी. दुसऱ्याचे कपाट कोणाला नीट लावलेले वाटते?

आपल्याकडे मोल्सवर्थने शास्त्रीमंडळींना बरोबर घेऊन मराठी-इंग्रजी कोश केला. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. तो आज संगणकावरही घरबसल्या पाहता येतो. त्यात एकेका मराठी शब्दापुढे इंग्रजी अर्थांची रांग असते. ती रांग म्हणजे ताट वाढलेले नाही. कोणता घास आपला ते आपणच ठरवायचे असते. खिशातला फोन तर त्याहून चपळ. शब्द टाकण्याचा अवकाश, उत्तर हजर. पण भाषांतर करणारे यंत्र सहसा उलट विचारत नाही, की “आजी, उभ्याने येते की आडवे झाल्यावर?”

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. इंग्रजी शब्द शोधण्याआधी मराठीत पूर्ण वाक्य बोला. मग ते काय आहे याबरोबर काय नाही तेही सांगा. “फिरतं, पण अंधारी येत नाही,” एवढ्याने निम्मे काम होते. शब्द सापडलाच तर तो उलटा मराठीत आणून पाहा. परत आल्यावर तोच माणूस उतरला तर ठीक, दुसराच उतरला तर गाडी चुकली. आणि शब्द नसलाच, तर साधी चार वाक्ये बोलण्यात कमीपणा नाही. ‘उष्टे’ या शब्दाला इंग्रजी नाही म्हणून कोणी उपाशी राहिलेले नाही.

आज पुष्कळ घरांत शब्द आजीजवळ आहेत आणि इंग्रजी नातवाजवळ. दोन्ही एका घरात असून कामाच्या वेळी एकमेकांना भेटत नाहीत, कारण नातवाला वाटते आजी फार बोलते आणि आजीला वाटते आपले बोलणे गावंढळ. या दिवाळीत फराळ करताना दोघांनी शेजारी बसावे. वहीच्या एका बाजूला आजीचे शब्द लिहावेत : कळ, ठणका, सणक, मुरडा, कणकण, मळमळ, धाप. दुसऱ्या बाजूला नातवाने ते वाक्यांत समजावून घेऊन इंग्रजी मांडावे. चकली सोडताना हातावर तेलाचा थेंब उडाला, तर त्याने होते ती आग, की चुरचुर? इंग्रजीत त्या चुरचुरीला ‘स्मार्टिंग’ म्हणतात. नातवाला स्मार्ट हा शब्द माहीत असतोच. त्याचा हा अर्थ त्याला आजीकडूनच कळेल.